जुना आयपॉड घेण्याआधी आणि टाकण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुने आयपॉड आणि डिजिटल वॉकमन पुन्हा भाव खाऊ लागले आहेत, असा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला. मोबाईलच्या कटकटीपासून थोडी सुटका मिळावी म्हणून तरुण मुले हे प्लेअर घेत आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण लेखात एक महत्त्वाची बाजू राहून गेली. ही उपकरणे ज्या काळातली आहेत, त्या काळात गाण्याची फाईल, ती भरणारे सॉफ्टवेअर, केबल आणि गाणे विकणारे दुकान हे सारे एकाच कंपनीच्या दावणीला बांधलेले असे. ती दावी आजही तुटलेली नाहीत. नवा घेणारा त्यात अडकतो. ज्यांच्या घरी असा प्लेअर खणात पडून आहे, त्यांचे नुकसान तर कधीही भरून न येणारे असते. अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेला आयपॉड, त्यात कॅसेटवरून उतरवून घेतलेली नाट्यपदे, घरच्या मैफलीचे किंवा गणेशोत्सवातल्या गाण्याचे खासगी ध्वनिमुद्रण. पुढे कॅसेटला बुरशी लागते, ज्या संगणकावरून भरले तो भंगारात जातो आणि उरते ती एकच प्रत, त्या डबीत. ती बाहेर काढता येते. कशी, आणि काय केले की ती कायमची जाते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

वृत्तपत्राच्या कचेरीला हा प्रकार नवा नाही. युनिकोड ही सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती रुळण्याआधी श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची खिचडी दिसे. मजकूर आपला, पण तो वाचायची सोय फॉन्ट विकणाऱ्याच्या हाती. संगीताच्या बाबतीत हेच झाले, फक्त इथे ते ठरवून केले होते.

अ‍ॅपलने २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत आयट्यून्स म्युझिक स्टोअर हे गाण्यांचे ऑनलाइन दुकान सुरू केले. एक गाणे ९९ सेंटला. फाईल एएसी या दाबून लहान करण्याच्या पद्धतीची, १२८ केबीपीएस दर्जाची, आणि तिला ‘फेअरप्ले’ नावाचे कुलूप, म्हणजे ठरवून दिलेल्या यंत्रांखेरीज ती वाजू न देणारी सोय. अशी फाईल ओळखायची खूण म्हणजे नावाच्या शेवटी एम४पी. साध्या, बिनकुलपी फाईलच्या शेवटी एम४ए असते. कुलूपबंद गाणे २००४ पासून जास्तीत जास्त पाच संगणकांवर चाले आणि हातात घेऊन फिरायचे तर फक्त आयपॉडवर. फेअरप्ले वापरण्याचा परवाना अ‍ॅपलने इतर प्लेअर बनवणाऱ्यांना दिला नाही. मोटोरोलाच्या काही फोनांचा काय तो अपवाद. म्हणजे शंभर गाणी घेतलेल्या माणसाला पुढचा प्लेअरही त्याच कंपनीचा घेणे भाग. रिअलनेटवर्क्स कंपनीने जुलै २००४ मध्ये ‘हार्मनी’ हे तंत्र आणून आपल्या दुकानातली गाणी आयपॉडवर वाजवून दाखवली. अ‍ॅपलने त्यावर जाहीर आगपाखड केली आणि त्याच वर्षाअखेर आयपॉडच्या नव्या फर्मवेअरनंतर (यंत्राच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरनंतर) ती गाणी त्यावर वाजेनाशी झाली. ज्यांनी पैसे मोजून गाणी घेतली होती, त्यांचे गाणे एका अपडेटने मुके झाले.

एकट्या अ‍ॅपलला दोष देणे मात्र बरोबर होणार नाही. सोनीच्या सुरुवातीच्या डिजिटल वॉकमनमध्ये एमपी३ थेट वाजतच नसे; आधी सोनीच्या अ‍ॅट्रॅक पद्धतीत बदलून, सोनीच्याच सॉफ्टवेअरमधून ते ‘चेक-आउट’ करावे लागे. स्वतःच्या सीडीवरून घेतलेले गाणेसुद्धा. थेट एमपी३ वाजवणारे त्यांचे प्लेअर २००४ च्या अखेरीस यायला लागले, तोवर बाजार हातचा गेला होता. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्येच ‘प्लेज फॉर शुअर’ असा शिक्का काढला. ज्या प्लेअरवर तो शिक्का, त्यावर ज्या दुकानाला तो शिक्का, त्या दुकानाचे गाणे हमखास वाजणार, असे वचन. क्रिएटिव्ह, आयरिव्हर, सॅमसंग असे अनेक त्यात आले. नोव्हेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचा ‘झून’ प्लेअर आणला आणि त्यावर ‘प्लेज फॉर शुअर’ची गाणी वाजत नव्हती. वचन देणाऱ्याच्याच यंत्राने ते पाळले नाही.

पुढे दुकानेच बंद होऊ लागली, तेव्हा लोकांना खरा फटका बसला. कुलूपबंद गाणे नव्या संगणकावर वाजवायचे तर कंपनीच्या सर्व्हरकडून परवानगी यावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिक या दुकानाने एप्रिल २००८ मध्ये ग्राहकांना कळवले की ३१ ऑगस्टनंतर अशी परवानगी मिळणार नाही. जुन्या संगणकावर गाणी वाजत राहतील, पण संगणक बदलला किंवा विंडोज नव्याने टाकले की संपले. ओरड झाल्यावर ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली गेली. याहू कंपनीच्या गाण्यांच्या दुकानानेही त्याच वर्षी ३० सप्टेंबरला परवान्यांचा सर्व्हर बंद करायचे ठरवले आणि ग्राहकांना भरपाई देऊ केली.

अ‍ॅपलची बाजूही सांगितली पाहिजे. स्टीव्ह जॉब्स यांनी ६ फेब्रुवारी २००७ रोजी जाहीर पत्र लिहून सांगितले की कुलपाची अट मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी घातली आहे. ती उठवली तर आम्ही आनंदाने बिनकुलपी गाणी विकू. ते खरेही ठरले. ईएमआय या बड्या ध्वनिमुद्रण कंपनीची गाणी त्याच वर्षी बिनकुलपी झाली आणि जानेवारी २००९ मध्ये संपूर्ण आयट्यून्स दुकानातले संगीत मोकळे करण्याची घोषणा झाली. आधी घेतलेली गाणी मोकळी करून घ्यायला दर गाण्यामागे ३० सेंट पडत. ज्यांनी ते भरले नाहीत, त्यांच्या एम४पी फाईल आजही बंदच आहेत. त्याच पत्रात जॉब्स यांनी आणखी एक मुद्दा मांडला होता: सरासरी आयपॉडवर दुकानातून घेतलेली गाणी तीन टक्क्यांहूनही कमी असतात, मग लोक अडकले कसे म्हणायचे? हा मुद्दा मला पटत नाही. कारण उरलेली सत्त्याण्णव टक्के, म्हणजे स्वतःच्या सीडी-कॅसेटवरून घेतलेली गाणीसुद्धा आयपॉडमध्ये मोकळी नसतात. त्यांना अडवणारे कुलूप वेगळे आहे. त्याविषयी फार कमी लिहिले जाते, म्हणून थोडे सविस्तर.

आयपॉडमध्ये आयट्यून्स या अ‍ॅपलच्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधून गाणे भरले की ते ‘आयपॉड कंट्रोल’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये जाते. त्याच्या आत ‘म्युझिक’, आणि त्यात एफ००, एफ०१, एफ०२ असे क्रमांकाचे फोल्डर. गाण्याचे मूळ नाव पुसून त्याला चार अक्षरांचे निरर्थक नाव दिले जाते आणि या फोल्डरांत ती कशीही विखुरली जातात. कोणती फाईल म्हणजे कोणते गाणे, कोणत्या यादीत, किती वेळा वाजले, हे सगळे ‘आयट्यून्स डीबी’ नावाच्या एका वेगळ्या फाईलमध्ये असते. आयपॉडचा पडदा फक्त ही फाईल वाचतो. आपण स्वतः एखादे एमपी३ त्यात नेऊन ठेवले तर ते जागा अडवते, पण यादीत दिसत नाही आणि वाजत नाही. म्हणून गाणी भरायला आयट्यून्सच लागते. आणि आयट्यून्स गाणी भरू देते, पण दुकानातून न घेतलेली गाणी उलट संगणकावर काढू देत नाही.

या फाईलची रचना लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या मंडळींनी उलगडली आणि आयट्यून्सशिवाय आयपॉड भरणारी साधने तयार केली. सप्टेंबर २००७ मध्ये आयपॉड क्लासिक आणि तिसऱ्या पिढीचा नॅनो आला, तेव्हा या फाईलला एक पडताळणीचा आकडा जोडला गेला. तो त्या त्या आयपॉडच्या ओळखक्रमांकावरून काढलेला असे. तो चुकला की आयपॉडवर ‘शून्य गाणी’. फाईली जागच्या जागी, पडद्यावर मात्र काही नाही. काही दिवसांतच तेही गणित सुटले. पण आकड्याचा गाण्याच्या चोरीशी काडीचाही संबंध नव्हता. स्वतःची सीडी स्वतःच्या आयपॉडवर दुसऱ्या सॉफ्टवेअरने भरण्यालाच तो आडवा येत होता.

आता गाणी बाहेर कशी काढायची ते. क्लिक व्हील असलेले आयपॉड, मिनी, नॅनो आणि क्लासिक यांना हे लागू आहे. आयपॉड टच वेगळा.

आयपॉड संगणकाला जोडण्याआधी तिथले आयट्यून्स बंद आहे ना, ते पाहा. ते आपोआप उघडत असेल तर विंडोजवर शिफ्ट आणि कंट्रोल, मॅकवर कमांड आणि ऑप्शन, या कळा दाबून धरूनच केबल जोडा आणि आयपॉड पडद्यावर दिसेपर्यंत सोडू नका. त्यामुळे आपोआप होणारे सिंक, म्हणजे संगणकातल्या संग्रहाशी आयपॉड जुळवून घेणे, थांबते. हे न करता नव्या संगणकाला जोडले की एक चौकट येते: हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, तो पुसून नव्याने सिंक करायचा का? तिथे ‘इरेज अँड सिंक’ दाबले की सगळी गाणी जातात. घरोघरचे जुने संग्रह गेले आहेत ते बहुतेक या एका बटणाने. कायम ‘कॅन्सल’ दाबा.

आयपॉड ड्राइव्ह म्हणून दिसत नसेल तर तो डिस्क मोडमध्ये आणायचा. होल्डची पट्टी एकदा लावून काढा. मग मेनू आणि मधले बटण एकत्र सहा ते आठ सेकंद दाबून धरा, सफरचंदाचे चिन्ह दिसले की सोडा, आणि लगेच मधले बटण आणि प्ले एकत्र दाबून धरा. पडद्यावर डिस्क मोड अशी अक्षरे येतात. त्यानंतर विंडोजच्या फाईल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यूमधून लपवलेल्या फाईली दाखवण्याचा पर्याय चालू करा. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम. ‘आयपॉड कंट्रोल’ फोल्डर दिसेल. त्यातून फक्त म्युझिक न घेता अख्खा ‘आयपॉड कंट्रोल’ उचलून संगणकावर घ्या, कारण गाण्यांच्या याद्या आयट्यून्स डीबीमध्ये आहेत आणि त्या नंतर वाचता येतात. तीस जीबीच्या भरलेल्या आयपॉडला तास-दीड तास धरून चाला.

विंडोजने ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असे विचारले, तर तो आयपॉड मॅकवर तयार केलेला आहे आणि विंडोजला त्याची रचना वाचता येत नाही, एवढाच अर्थ. आयपॉड बिघडलेला नसतो. नाही म्हणा आणि मॅकला जोडा. मॅक नसेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटूसारखे लिनक्स चालू करा, संगणकात काही बसवावे लागत नाही, आणि तिथून कॉपी करा.

हार्ड डिस्कचे आयपॉड जोडल्यावर टकटक आवाज करू लागले, कॉपी मध्येच अडकू लागली, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. आतली छोटी डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे आणि प्रत्येक प्रयत्नात तिची आणखी झीज होते. अशा वेळी लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या साधनाने आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढावी. ते चांगला भाग आधी उचलते, खराब भाग शेवटी पुन्हा वाचून पाहते आणि कुठपर्यंत आले याची नोंद ठेवते, त्यामुळे मध्ये थांबता येते. दुरुस्तीवाल्याला बॅटरी बदलायला द्यायचे असेल तर तेही गाणी काढून झाल्यावरच.

कॉपी झाली की चार अक्षरी नावांचा गोंधळ समोर येतो. घाबरायचे कारण नाही. गाण्याचे नाव, गायक, अल्बम ही माहिती बहुतेक वेळा फाईलच्या आत टॅग म्हणून असतेच. एमपी३टॅग या विंडोजवर मोफत असलेल्या साधनात सगळ्या फाईली उघडून ‘गायक - गाणे’ असा साचा दिला की ते सगळ्यांची नावे एकदम बदलते. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे साधन तर आवाजाच्या ठशावरून गाणे ओळखू पाहते. हिंदी चित्रपटगीते आणि इंग्रजी अल्बम यांत ते उपयोगी पडते. जुन्या मराठी भावगीतांत आणि खासगी ध्वनिमुद्रणांत त्याचा फारसा भरवसा धरू नये. ती ऐकूनच लावावी लागतात. टॅग वर सांगितलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले असतील तर आधी ते युनिकोडमध्ये बदलून घ्या.

एम४पी फाईली सापडल्या तर: ज्या अ‍ॅपल खात्यावर त्या घेतल्या, त्याच खात्याने संगणक अधिकृत करावा लागतो. आयट्यून्समध्ये (नव्या मॅकवर म्युझिक अ‍ॅपमध्ये) अकाउंट, ऑथरायझेशन्स, ऑथराइज धिस कॉम्प्युटर. पाचाची मर्यादा जुन्या, टाकून दिलेल्या संगणकांनी भरली असेल तर सगळे एकदम काढून टाकायची सोय वर्षातून एकदा मिळते. खाते ज्यांचे, ते हयात नसतील आणि पासवर्ड कोणाकडे नसेल तर तिथेच अडते. म्हणून घरात वडीलधारी मंडळी आहेत तोवर हे काम करून घ्यावे. गाणी वाजू लागली की त्यांची ऑडिओ सीडी करायची आणि ती सीडी पुन्हा संगणकात घ्यायची. अ‍ॅपलने ही वाट सुरुवातीपासून उघडी ठेवली होती. एकच यादी सात वेळाच सीडीवर उतरवता येते, एवढे बंधन. ८० मिनिटांच्या सीडीवर पाच मिनिटांची सोळा गाणी बसतात. परत घेताना फ्लॅक किंवा अ‍ॅपल लॉसलेस हा आवाजाचा दर्जा न घटवणारा प्रकार निवडा. एमपी३ निवडले तर १२८ केबीपीएसचे आधीच दाबलेले गाणे पुन्हा दाबले जाते आणि झांजा, टाळ, तंबोऱ्याची जवारी यांत खरखर ऐकू येते.

मायक्रोसॉफ्टच्या कुलपाच्या डब्ल्यूएमए फाईलींचे गणित याहून कडक आहे. त्यांचे परवाने त्या एका संगणकाला बांधलेले असतात. तो जुना संगणक अजून चालू असेल तर त्यावर विंडोज नव्याने टाकू नका, सुटे भाग बदलू नका. आहे तसा चालवून आधी सीडी काढून घ्या.

आता जुना प्लेअर नव्याने घेणाऱ्यांसाठी. पहिल्या पिढीचा नॅनो, म्हणजे सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ या काळात विकलेला, टाळा. बॅटरी तापून धोका होऊ शकतो म्हणून अ‍ॅपलनेच नोव्हेंबर २०११ मध्ये ते परत मागवले होते. आयपॉड टच घेताना आधीच्या मालकाचे खाते काढले आहे का, ते समोर चालू करून पाहा. पाचव्या पिढीपासूनच्या टचवर जुना अ‍ॅपल आयडी अडकलेला असेल तर तो कोणालाही वापरता येत नाही. जास्त जागेची कार्डे बसवलेले क्लासिक हल्ली विकायला येतात. त्यात २००७ च्या पहिल्या क्लासिकवर मूळ फर्मवेअर १२८ जीबीच्या पुढे जात नाही. २००९ च्या सडपातळ १६० जीबीवाल्याला ही अडचण नाही. पाठीचा पत्रा फुगलेला, पडदा उचललेला दिसला तर आत बॅटरी फुगली आहे. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. आणि तीस पिनांची ती रुंद केबल नवी मिळतेच असे समजू नका. अ‍ॅपलने २०१२ पासून ती सोडून लायटनिंग आणली, तेव्हा लोकांचे स्पीकर डॉक, गाडीतले जोडण हे सारे एका रात्रीत जुने झाले. तेही कुलूपच, फक्त तांब्याचे.

या सगळ्यातून सुटायची एक वाट म्हणजे रॉकबॉक्स. हे प्लेअरसाठीचे मुक्त फर्मवेअर २००१ मध्ये आर्कोस कंपनीच्या प्लेअरसाठी सुरू झाले आणि स्वयंसेवक ते आजही चालवत आहेत. जुने आयपॉड, दुसऱ्या पिढीपर्यंतचे नॅनो, क्लासिक, सॅनडिस्कचे सॅन्सा क्लिप आणि फ्यूझ, आयरिव्हरचे एच १०० व एच ३०० यांवर ते चालते. ते बसवले की आयपॉड पेनड्राइव्हसारखा वागतो: ‘भावगीते’ असे फोल्डर करून गाणी ओढून टाका, फोल्डर उघडा, वाजवा. फ्लॅक आणि ऑग व्हॉर्बिस पद्धतीच्या फाईलीही वाजतात, ज्या या आयपॉडच्या मूळ फर्मवेअरवर कधीच वाजल्या नाहीत. दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. आयपॉड विंडोजच्या फॅट३२ रचनेत असायला हवा. मॅकचा असेल तर आधी गाणी काढून, मग विंडोजवर आयट्यून्समधून रिस्टोअर करायचा. आणि कुलूपबंद एम४पी रॉकबॉक्सही वाजवत नाही. मूळ फर्मवेअर जात नाही. आयपॉड सुरू होताच होल्डची पट्टी लावली की अ‍ॅपलचेच सुरू होते.

भारतातले एक उदाहरण इथे सांगण्याजोगे आहे. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ हे गाण्यांचे दुकान काढले आणि जून २०१३ मध्ये ते बंदही केले. पण त्यांनी विकलेली गाणी बिनकुलपी एमपी३ होती. ज्यांनी ती उतरवून घेतली, त्यांच्याकडे ती आजही वाजतात, कोणत्याही प्लेअरवर. दुकान बुडण्याचा आणि गाणे बुडण्याचा संबंध कुलपामुळे जुळतो, हे यावरून दिसते.

आज बहुतेक लोक गाणी विकत न घेता दरमहा पैसे भरून ऐकतात. ते ज्याच्या त्याच्या सोयीचे आहे. मात्र अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले गाणे म्हणजे आपली प्रत, असा समज असेल तर तो काढून टाकावा. ती फाईल त्या अ‍ॅपखेरीज कुठेच उघडत नाही. स्पॉटिफायला दर तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावे लागते, नाहीतर उतरवलेली गाणी बंद होतात. गूगल प्ले म्युझिक २०२० अखेर बंद झाले तेव्हा लोकांनी स्वतः चढवलेली गाणीसुद्धा मुदतीत काढून घेतली नसतील तर फेब्रुवारी २०२१ नंतर पुसली गेली. नवा प्लेअर घेताना म्हणून दुकानदाराला तीनच गोष्टी करून दाखवायला सांगा. कोणतेही सॉफ्टवेअर न बसवता संगणकातून एक एमपी३ आणि एक फ्लॅक ओढून टाका आणि वाजवा. तेच गाणे प्लेअरमधून परत संगणकावर घ्या. मायक्रोएसडी कार्ड काढून दुसऱ्या यंत्रात घाला आणि त्यावरची गाणी दिसतात का पाहा. तिन्ही झाले तर बिनधास्त घ्या. एकही अडले तर आवाज कितीही गोड असो, नको.

कुलूप उघडणे बेकायदा आहे का, असा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप फोडणे हीच स्वतंत्र बेकायदा कृती ठरवली. आपला कायदा त्या मानाने शहाणा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-ए आले. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप फोडले तर. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी ते उघडायला त्याच कलमात मोकळीक आहे, आणि खासगी, वैयक्तिक वापरासाठीचा रास्त व्यवहार कलम ५२ मध्ये हक्कभंग धरलेला नाही. दुसऱ्यासाठी कुलूप उघडून देणाऱ्याने मात्र त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची आहे. दुरुस्तीच्या दुकानांनी हे लक्षात घ्यावे. विकत घेतलेल्या गाण्यांच्या प्रती करून मित्रांत वाटणे किंवा विकणे यात बसत नाही.

आपल्याकडे उणीव आहे ती विक्रीच्या वेळच्या माहितीची. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की, जी डिजिटल वस्तू विक्रेता नंतर काढून घेऊ शकतो, ती विकताना ‘खरेदी करा’ असे बटण दाखवायचे तर हा केवळ परवाना आहे, हे ग्राहकाला ठळकपणे सांगावे लागते. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित करार आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींच्या व्याख्या आहेत, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी डिसेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळही काढले. याच चौकटीत एक नियम सहज बसेल. गाणी, पुस्तके, चित्रपट विकणाऱ्या आणि ते वाजवणारे यंत्र विकणाऱ्या प्रत्येकाने पैसे घेण्याआधी मराठीसह स्थानिक भाषेत चार गोष्टी सांगाव्यात: फाईल कोणत्या प्रकारची आहे, ती दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालते का, ती परत बाहेर काढता येते का, आणि दुकान बंद झाले तर ग्राहकाला बिनकुलपी प्रत मिळेल की पैसे परत मिळतील. मुंबई ग्राहक पंचायतीने हा विषय केंद्राकडे लावून धरावा, अशी या पत्राद्वारे विनंती आहे. खटला किंवा तक्रार करायची तर विकत घेतल्याची पावती लागते. ज्यांनी गाणी ऑनलाइन घेतली आहेत त्यांनी खरेदीचे ईमेल शोधून वेगळे जपून ठेवावेत.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, डोंबिवली